तिन्हीत माणूस तोच

ती. बाबांस (‘सासरेबुवा’ लिहिलं की तुमची लेक रागावते),

साष्टांग नमस्कार घालणार होतो, पण कमरेत उसण भरली आहे, तेव्हा खुर्चीतूनच वाकून विनंती विशेष. तुमचा गुडघा काय म्हणतो? आईंचा खोकला गेला का? आम्ही सगळे मजेत आहोत, म्हणजे मी सोडून.

मी सल्लागार कंपनी सोडली, हे तुमच्या कानावर आलंच असेल. बारा वर्षं मी इतरांच्या कंपन्यांना त्यांचं काय चुकतं ते सांगत फिरलो. (लग्नाच्या बोलणीत तुम्ही ‘पण तुम्ही बनवता काय?’ असं विचारलं होतं आणि मी हसून विषय बदलला होता.) आता एका पंपांच्या कारखान्यात कायमची जागा निघाली. मुलाखतीला निघताना तुमच्या लेकीने दारातच बजावलं, की कमी आकड्याला मान डोलावलीत तर घरी येऊ नका. इकडे मी राजीनामा देऊन, निरोपाचं भाषण ठोकून, वर साहेबांना चार शब्द सुनावून परतीचे दोर कापून बसलो होतो.

मालकांची केबिन म्हणजे एक टेबल, त्यावर उघडून ठेवलेला पंप आणि तेलाचा वास. त्यांनी पंप बाजूला सारला आणि सरळ विचारलं, पगार किती घेणार? आता बाबा, सरळ प्रश्नाला सरळ उत्तर देणं म्हणजे आमच्या धंद्यात स्वतःच्याच पोटावर पाय. मी उठलो, भिंतीवरचं कॅलेंडर उलटं केलं आणि त्यावर तीन पर्याय मांडले. हीच आमची रीत. पहिला इतका रोडका ठेवायचा की समोरच्याला निवडायची लाज वाटावी, तिसरा इतका लठ्ठ की घाम फुटावा, म्हणजे बोट आपसूक मधल्यावर पडतं. आजवर एकदाही चुकलं नव्हतं. (मोठे साहेब लाज बाळगून असतात, निदान पर्याय निवडताना.) मालकांनी चष्मा चढवला, सगळं वाचलं आणि म्हणाले, “तिन्हीत माणूस तुम्हीच येणार ना?” मी छाती फुगवून म्हणालो, “अर्थात, मीच.” “मग पहिला.”

मी जोखीम, दूरदृष्टी, अनुभव, सगळं काढलं. त्यावर ते शांतपणे म्हणाले, की एकच माल दोन भावांत मिळत असेल तर स्वस्तातला घ्यावा, हा सल्ला गेल्या वर्षी तुमच्याच कंपनीने दिला आणि त्याचे सणसणीत पैसे घेतले. (तो अहवाल मीच लिहिला होता.) त्यांनी हात पुढे केला, मीही केला. राग आला, पण बाहेर पडताना आवारात एक दुरुस्त केलेला पंप सुरू झाला, भसकन पाणी आलं आणि चार माणसं खूश होऊन हसली. मला त्यांचा हेवा वाटला. माझ्या अहवालांतून काही बाहेर आलेलं मी कधी पाहिलंच नव्हतं.

आईंना नमस्कार सांगा. गुडघा शेकत जा.

तुमचा (अजून तरी)
जावई

ता.क. : आकडा तुमच्या लेकीला सांगितलेला नाही, ती मधलाच धरून चालली आहे. खरा आकडा तिला तुम्ही सांगावा. पर्याय तीन : फोनवर सांगणं, इथे चार दिवस राहून बेताबेताने सांगणं, किंवा आम्ही सगळ्यांनीच बिऱ्हाड हलवून तुमच्याकडे राहायला येणं. मला दुसरा योग्य वाटतो.

ता.क. दुसरा : बाबा, पाकीट चिकटवायला ह्यांनी माझ्याचकडे दिलं. तिन्हीत नवरा तोच ना, असं मी विचारलं. हो म्हणाले. मग मी तिसरा घेतला, जरा स्वस्तात बसवून : बिऱ्हाड इथेच राहील, रविवारी हे एकटेच तुमच्याकडे राहायला येतील. गुडघ्यावर सल्ला देऊ लागले, तर भाव आधी ठरवा.