सूनबाईची गोळी आणि माझी दूध-भाकरी

पनवेल

विनीतच्या बाबांना नमस्कार. लिहिते आपली अनुपमा, बोलते मी.

डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं. वीर स्टेशनावर उतरेन तेव्हा तुमच्या मिशीतला एकेक पांढरा केस दिसेल, सांभाळून राहा. म्हैस दूध देते ना?

अनुपमाला पण सूनबाईसारखाच थायरॉईड हाय. काल तिच्या गोळीआधी मी दूध-भाकरी पुढं केली, तर लेक माझ्यावरच ओरडली. म्हणाली, गळ्यातली गाठ रक्तात एक रस सोडते, त्यावर सगळं अंग चालतं. तो कमी पडला की माणूस गारठतं, सुस्तावतं. मग डोक्यातली गाठ मुकादमासारखी गळ्यातलीवर ओरडत बसते. गोळीत तोच रस, पण उपाशीपोटी घेतली तरच अंगाला लागते.

आणि मी आपल्या सूनबाईला, रेश्माला, रोज आधी खाऊ घालायची, रिकाम्या पोटी गोळी उष्ण पडेल म्हणून. वर तिलाच झोपाळू म्हणायची. तिच्या आत एक मुकादम होताच, बाहेर मी.

आता तिनं उठल्याबरोबर नुसत्या पाण्याशी गोळी घ्यायची. चहा अर्ध्या तासानं, तो तुमी करायचा.

हे तुमाला वाचून दाखवणारी तीच, ठाऊक हाय मला. फोनवर बोलायला जीभ उचलेना. गो रेश्मा, इथं थांबू नको, पुढं वाच. चुकलं माझं.

तुमची सगळ्यांची,
बयाबाई