सतराव्या गावचा फसोबा

९ डिसेंबर
आज पुन्हा मीच. सलग अकरावा डाव. लहानपणी अक्काला एकदा हरवायला मला अख्खी उन्हाळ्याची सुट्टी लागायची.
जेऊरहून आली त्याला महिना झाला. दाजींचं वर्षश्राद्ध उरकून "आठ दिवस येते" म्हणाली होती. दुपारी भांडी आवरली की पाट उलटा टाकतो, खडूने पंचवीस घरं आखतो. चार कवड्या आईच्याच. तिच्या सोंगट्या म्हणजे हिरव्या बांगडीच्या काचा, माझे चिंचोके. हरल्यावर हसली.
"फसोबाची मर्जी हाय बाई तुझ्यावर."
अक्का हसत हरणाऱ्यांतली नाही.

११ डिसें.
फसोबा! किती वर्षांनी ते नाव ऐकलं. शाळेत शिकवलं की सोलापूर म्हणजे सोळा गावं. अक्काने घरी येईपर्यंत सतरावं वसवलं होतं. तिथे रोज पहाटे फसोबा कवड्या टाकतो आणि पडतील तसे लोक उठतात. काल सावकार, आज पाणक्या. कुणी तक्रार करायची नाही, उद्याचा डाव आहेच. एक डोळा मिटलेला, तोंडात चिंच. नैवेद्याला शेंगाची चटणी, तीही चोरलेलीच चालते. शाळेतल्या सिस्टर म्हणायच्या जुगार पाप, आजी म्हणायची लक्ष्मी रुसते. म्हणून हा तिसरा देव, फक्त आम्हा दोघींचा. प्रार्थनेच्या वेळी डोळे मिटून मी त्यालाच एक चौक मागायचे, चारही कवड्या उताण्या. सिस्टरना वाटायचं, मुलगी फार भाविक.
नियम माझ्या वहीच्या शेवटच्या पानावर होते. फसवलं तर चालतं. सापडलात तर एक खरी गोष्ट सांगायची. आणि शेवटचा, अक्काने घातलेला: ज्याचं काही मोठं न्यायचं असेल, त्याला फसोबा आधी भरपूर जिंकू देतो.
हा आज भाजी चिरताना आठवला. अकरा डाव.

१४ डिसें.
ती मुद्दाम हरते आहे. नक्की. सहावीत असंच तीन दिवस हरली आणि चौथ्या दिवशी माझी निळी रिबीन घेऊन गेली. आता माझ्याकडून काय हवंय?
आज माझा चिंचोका तिच्या काचेच्या पुढच्याच घरात. तिला एक पडला. मारला नाही. भलतीच सोंगटी हलवली.
आणि दान पडलं की मलाच विचारते. "किती गं?"
"तूच बघ की."
"माझी कंबर वाकत न्हाय."
सकाळी याच कंबरेने पलंगाखालचा केर काढत होती.

२० डिसें.
नवी पेठेत गेलो, तिला संक्रांतीचं लुगडं घ्यायला. दुकानदाराने दहा उलगडली. अक्का प्रत्येकाचा काठ अंगठ्याने चाचपून बघायची. शेवटी एक मांडीवर घेतलं. "ह्यो हिरवा लई झ्याक हाय."
निळा होता. दुकानदार माझ्याकडे बघत राहिला. मी म्हटलं, बांधा.
रिक्षात पुडकं उघडून पुन्हा पाहिलं, निळाच. नाही, रंगात गल्लत कुणाचीही होते. माझीही...

२३ डिसें.
आज वाईट वागले. तिला तीन पडले. स्वच्छ तीन उताण्या, एक पालथी. मी म्हटलं, "एक."
अक्काने काच एक घर पुढे सरकवली.
जी अर्ध्या कलत्या कवडीवरून माझी वेणी ओढायची, ती.
म्हणजे मुद्दाम हरत नव्हती. मी पंधरा दिवस तिच्यावर वहीम घेत होते. चिंचोके हातात तसेच राहिले. पुढचा डाव मांडला नाही, डोकं दुखतंय म्हटलं.

२८ डिसें.
धीर करून विचारलं, "अक्का, डोळे दाखवून येऊ या का?"
"माझ्या डोळ्यास्नी काय धाड भरलीय?"
"सहज. माझेही दाखवायचेत."
"मग तुजं दाखव." आणि जरा वेळाने, शेंगा सोलता सोलता, "शकू, मी जेऊरला जाते. हितं मला करमत न्हाय. तितं कसं, डोळं मिटून चालता येतंय मला."
म्हणाली आणि थांबली. मी ऐकलंच नाही असं दाखवलं. सापडली असं म्हटलं असतं तर तिला खरं सांगावं लागलं असतं. मला ते ऐकायचं नव्हतं.
जेऊरला घरात कुणी नाही. चूल, आणि परसात बिनकठड्याची विहीर.

५ जानेवारी
भाच्याला फोन केला. तो पुण्याहून म्हणाला, "मावशी, आई माझं कुठे ऐकते? तू सांग." अक्का शेजारीच उभी, ऐकत होती.
फोन ठेवल्यावर म्हणाली, "भांडू नगं. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी एकच डाव. मी जिंकले तर जेऊर. तू जिंकलीस तर हितंच राहते, दवाखान्यात नेलंस तर तितंबी येते. फसोबाची आण."
डोळ्यांचं नाव तिने काढलं नाही. मीही नाही.
हो म्हटलं. हो म्हणताना मला ठाऊक होतं की दान मीच वाचणार आहे. तिलाही ठाऊक असणार. मग अशी पैज का लावली?

१५ जाने.
संक्रांत. तिळगूळ दिला. निळं लुगडं नेसली, "हिरवा शोभतोय का?" म्हणाली. शोभतोय म्हटलं. पिशवी भरून दाराशी ठेवली आहे.

१६ जाने.
डाव खरा खेळायचा ठरवलं होतं. खेळलेही, शेवटपर्यंत. तिचं प्रत्येक दान खरं सांगितलं. अक्का जुन्यासारखी खेळली. माझे दोन चिंचोके मारले, टाळी वाजवली.
शेवटी तिची एकच काच बाहेर. आत जायला चौक हवा. मला एक.
कवड्या पाटावर पडल्या. चारही उताण्या.
"किती?"
विहीर डोळ्यांपुढे आली. म्हटलं, "दोन."
अक्काने हात पुढे केला, चाचपत कवड्यांपर्यंत आणला. लगेच उचलल्या नाहीत. एकेकीवरून अंगठा फिरवला, लुगड्याच्या काठावरून फिरवायची तसाच सावकाश. उताण्या कवडीचे दात बोटाला लागतात. चारदा.
मग मूठ मिटली. "दोन व्हय. बरं. टाक तुजं."
मला एक पडला. खरंच पडला.

१७ जाने.
सकाळी उठले तर पिशवी दाराशीच. रिकामी केलेली नाही, उचललेलीही नाही. अक्का चहा घेत होती.
"कवा जायचं दवाखान्यात?"
"सोमवारी."
"बरं." बशी खाली ठेवली. "मिटलेल्या डोळ्यानं फसोबाला दिसायचं का गं? काय ठरलं हुतं आपलं?"
मला आठवेना. वही तर कधीच गेली. म्हटलं, "तू सांग."
"मी का सांगू? मी कुटं सापडले?" आणि हसली. मग हळूच म्हणाली, "तूबी न्हाय."
पाट भिंतीशी उभा आहे. खडूची घरं अजून पुसलेली नाहीत. तेवीस का चोवीस डाव झाले असतील, सगळे मीच जिंकले. कालचाही.