पांढरी गाडी सुझुनोला, पण एका अटीवर

मी, अराफुने तोमिए, कै. अराफुने काकुजी यांची पत्नी, वय त्र्याऐंशी, राहणार कुवानोसावा, गुन्मा प्रांत, हे माझ्या स्वतःच्या हाताने, शाईने लिहिते. माझं डोकं ठिकाणावर आहे. गुडघे ठिकाणावर नाहीत, पण कायद्याला गुडघ्यांशी देणंघेणं नसतं असं कागदपत्रं करणाऱ्या कुगा-सान म्हणाल्या. मला कुणी धाक घातलेला नाही, गोड बोलून कुणी लिहूनही घेत नाही. उलट माझा मुलगा म्हणतो, "आई, आत्ताच कशाला?" आत्ताच, कारण सोमवारी माझ्या छातीत ठोके सांभाळणारं यंत्र बसवणार आहेत. डॉक्टर म्हणतात, साधी गोष्ट आहे. यंत्र बसवण्यातलं मलाही थोडं कळतं. साधी गोष्ट कुठलीच नसते.

अक्षर वाईट आहे, ते चालवून घ्यावं. शाळेत मी फार गेले नाही. आमच्या घरी रेशमाचे किडे होते, आणि किड्यांना भूक लागली की शाळा सुटायची, माझी एकटीची.

कलम पहिलं. राहतं घर आणि त्याखालची जमीन माझा मुलगा योशिताका याला. तो माएबाशीला राहतो, इथे येऊन राहणार नाही हे मला माहीत आहे, आणि त्याचा मला राग नाही. फक्त हिवाळ्यात छपरावरचा बर्फ वेळेवर उतरवून घ्यावा. उत्तरेकडची बाजू आधी. नेहमी दक्षिणेकडून सुरुवात करतो आणि मग दमतो.

कलम दुसरं. पोस्टातली बचत. त्यातून माझ्या अंत्यविधीचा खर्च करावा आणि उरेल ते योशिताका व सूनबाई हारुए यांनी घ्यावं. हारुएने माझ्या दुखण्यात खूप केलं, हे इथे लिहून ठेवते, कारण तोंडावर बोलायला मला कधी जमलं नाही. देवघरात लावायचा फोटो आम्हा दोघांच्या गाडीदुरुस्तीच्या गॅरेजच्या उद्घाटनातला घ्यावा. त्यात माझ्या गालाला ग्रीस आहे. ते पुसायला फोटोवाल्याला सांगू नये.

कलम तिसरं. लोणच्याचं लाकडी पिंप सूनबाईला. लोणच्यातलं पाणी निघावं म्हणून पिंपावर ठेवायचा जड दगड मात्र नणंदबाई किमिए यांना द्यावा. सासूबाई गेल्या तेव्हा दोन दगडांपैकी मोठा त्यांनी उचलून नेला आणि तेव्हापासून दर नव्या वर्षाला मला विचारतात, "वहिनी, तुमचं लोणचं यंदाही जरा पाणचट झालंय का हो?" आता दुसरा दगडही घ्या म्हणावं. पाणचट कशाने होतं ते कळेल.

कलम चौथं. गॅरेज, त्यातली प्रेस, जॅक, पान्यांचा मोठा लाल डबा आणि भिंतीवरची सगळी हत्यारं माझी नात सुझुनो हिला. योशिताकाची ही एकुलती एक मुलगी. घाटापलीकडच्या गरम झऱ्यांच्या सराईच्या स्वयंपाकघरात काम करते, आणि सुट्टीच्या दिवशी इथे येऊन गाडीखाली झोपते. मुलींनी असं झोपू नये असं कुणी म्हणालं तर सांगावं की तिची आजीही झोपायची, पोटात तिचा बाप असताना.

कलम पाचवं. हे कलम मोठं होणार. कुगा-सान म्हणाल्या होत्या, थोडक्यात लिहा. त्यांना गाडीत काही रस नाही.

आमच्या ह्यांनी शेवटी शेवटी एक पांढरी गाडी घेतली. बाहेरून अगदी शाळामास्तरांची वाटते. मला म्हणाले, "बघ, चार दारं आहेत, कुटुंबाची गाडी आहे." मी बॉनेट उघडून बघितलं. आत शर्यतीचं इंजिन. मी म्हटलं, "हे कुटुंब कुठे पळून निघालंय?" तर नुसते हसत राहिले. जोर सगळा मागच्या चाकांना. ती गाडी आता सुझुनो चालवते, आणि ती कुणाला द्यायची ह्या एका गोष्टीने गेले तीन आठवडे माझ्या घशाखाली घास उतरलेला नाही.

समजावं म्हणून सांगते. गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला जास्त चालायचं असतं आणि आतल्याला कमी, म्हणून दोघांच्या मध्ये वाटणी करणारी एक पेटी असते, तिला डिफरन्शियल म्हणतात. साधी पेटी फार भोळी. एक चाक बर्फावर सुटून रिकामं गरगरायला लागलं की सगळा जोर त्यालाच देऊन बसते, आणि ज्या चाकाचा पाय जमिनीवर आहे त्याला काही उरत नाही. मागच्या हिवाळ्यात सुझुनो अशीच घाटात अडकली. एक चाक फिरतंय, दुसरं ढिम्म. बर्फ ढकलणारी गाडी येईपर्यंत ती पोर पाय छातीशी घेऊन बसली होती. घरी आली तेव्हा तिला हातात चहाचा पेला धरवत नव्हता.

दुसऱ्या दिवशी म्हणाली, "आजी, आजोबा घालायचे तसली पेटी मला घालायची आहे. मला शिकव."

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! नाही म्हणायचं सुचलंच नाही. ह्या दुसऱ्या पेटीत चकत्या असतात, एकीला एक लागून, आणि त्या दोन्ही चाकांना धरून ठेवतात, एकाला एकट्याने सुटू देत नाहीत. जोडण्याआधी त्या चकत्या तेलात बुडवून ठेवायच्या असतात, अगदी लोणचं मुरवतात तशा. सुझुनोला घाई झालेली. मी म्हटलं, "मुरू दे. सराईत कच्चं वाढतेस का लोकांना?" शरद ऋतूत दोघींनी मिळून काम केलं. मी स्टुलावर, ती खाली. मग बंद पडलेल्या शाळेच्या मैदानावर तिने हळूहळू आठाच्या आकड्यात गाडी फिरवली, चकत्या एकमेकींना ओळखीच्या व्हाव्यात म्हणून, आणि आम्ही ते पहिलं तेल काढून टाकलं. करड्या रंगाचं, आत चांदीसारखी चकाकणारी पूड. किती तरी वर्षांनी मी ते बघितलं. त्या दिवशी मी खूप खूश होते.

काम झाल्यावर गाडी शुद्ध करून घ्यायला देवळात नेली. मुलगा-सूनही आले होते. पुजाऱ्यांनी चारी दारं उघडायला लावून कागदी झालरीची काठी फिरवली, सगळं छान झालं. मग सुझुनो त्या चिमुकल्या अंगणात गाडी वळवायला लागली. असली पेटी हळू, अरुंद वळणावर आवाज करते, तो तिचा स्वभाव आहे. पण किती करावा! धडाड, धड, धडाड. पुजाऱ्यांची काठी हवेतच राहिली.

योशिताका ओरडला, "मोडली! देवाच्या दारात मोडली!"

"मोडली नाही हो बाबा, पेटी बोलतेय," सुझुनो खिडकीतून म्हणाली.

"बोलणाऱ्या गाडीत माझी मुलगी बसणार नाही. आई, तू हसतेस काय?"

मी हसत होते खरी. एकटीच हसत होते. पुजारी शहाणे, त्यांनी गाडीच्या मागच्या बाजूला पुन्हा एकदा काठी फिरवली.

पण त्या दिवशी घरी येऊन योशिताका माझ्यासमोर बसला आणि हळू आवाजात म्हणाला, "आई, बाबांचं काय झालं होतं ते मी विसरलेलो नाही. मी मागच्या सीटवर होतो." तेव्हा माझं हसू गेलं. हे तरुणपणी असलीच पेटी घातलेली गाडी घेऊन बर्फातला घाट मजेत चढले, आणि उतरताना दोन्ही चाकं एकदम सुटली. साधी पेटी असती तर एक सुटलं असतं, दुसऱ्याने गाडीला धरलं असतं. दोन्ही सुटली की गाडीची शेपूट आडवी येते. बर्फाच्या भिंतीने अडवलं म्हणून वाचले. ह्यांच्या गळ्याजवळचं हाड मोडलं, आणि पोराने महिनाभर गाडीत पाय ठेवला नाही. हे नंतर गिऱ्हाइकांना सांगायचे, ही पेटी चढायला मदत करते, थांबायला करत नाही. तरुण गिऱ्हाइकं पहिला अर्धा भाग ऐकून निघून जायची.

तेव्हा पेटी नसेल तर पोर घाटात गारठते, आणि असेल तर तिला वाटतं आपण कुठेही चढून जाऊ. मी कुठल्या बाजूला जाऊ? ती निघते तेव्हा मी दारात उभी राहते, वळणावर दिवे दिसेनासे झाले तरी उभी राहते. आवाज ऐकते. ह्या म्हातारपणी कान तेवढे चांगले राहिले, ते नसते राहिले तर बरं झालं असतं.

म्हणून योशिताकाशी बोलून असं ठरवलं आहे की, पांढरी गाडी सुझुनो हिला द्यावी, परंतु त्याआधी त्यातली चकत्यांची पेटी काढून गॅरेजमधल्या फळीखाली गुंडाळून ठेवलेली जुनी साधी पेटी परत बसवावी. ही अट पाळली नाही तर गाडी भंगारात द्यावी.

कलम सहावं. शेजारचे निइकुरा-सान यांनी माझ्या जर्दाळूच्या झाडाची कुंपणाकडची फांदी न विचारता तोडली, ती मी माफ केलेली नाही. ते आत्ता माझ्यासमोर बसून माझंच लोणचं खात आहेत, कारण मी त्यांना साक्षीदार म्हणून बोलावलं आहे. हाताने लिहिलेल्या मृत्युपत्राला साक्षीदार लागत नाहीत म्हणे, पण मला हवेत. दुसऱ्या साक्षीदार तोफूवाल्या साकुमा-सान. दोघांनाही मी मघाशी कलम सहावं वाचून दाखवलं.

"ती फांदी वाळलेली होती, तोमिए-सान," निइकुरा-सान म्हणतात.

"तुमच्या करवतीने वाळली ती," साकुमा-सान म्हणाल्या. माझी मैत्रीण आहे ती.

आता सही करायची राहिली होती, पण मी थांबले आहे. बाहेर दुपारपासून बर्फ पडतो आहे, दाट, सरळ. आज सुझुनो इथे यायची आहे, तिचं काम दुपारी संपतं. एव्हाना ती यायला हवी होती. हे दोघं चहा पितात आणि मी काहीतरी लिहीत राहते.

निइकुरा-सान म्हणाले, "घाट अजून बंद केलेला नाही. आणि आता तर तिच्या गाडीत ती पेटी आहे ना? चढेल की!"

"चढेल हो," मी म्हटलं. "चढण्याचंच भ्या वाटतंय."

साकुमा-सान उठून खिडकीशी गेल्या. अंधार पडत आला. कुठे गाडीचा आवाज नाही. छातीत तेच, एक ठोका पडतो, एक पडत नाही.

फोन वाजला. मला उठवेना, निइकुरा-सानांनीच आणून हातात दिला.

"आजी? मी सराईतच आहे."

"निघाली नाहीस?"

"निघाले होते गं. पहिल्या तीन वळणांपर्यंत गेले. मस्त चढत होती, दोन्ही चाकं अशी धरून. म्हणूनच थांबले."

"म्हणूनच म्हणजे?"

"अगं, इतकं सोपं वाटायला लागलं की मलाच संशय आला. गाडीतून खाली उतरले तर रस्त्यावर मला उभं राहता येईना, काच नुसती. वर पोचले असते गं, पण पलीकडच्या उतारावर काय केलं असतं? वळवली आणि परत आले. हळू वळवताना किती धडधडली! सराईची मालकीण बाहेर धावत आली, भूकंप म्हणून." हसत होती. मग म्हणाली, "आजी, आजोबा आदळले तसल्या बर्फाच्या भिंतीजवळ मला रात्र काढायची नव्हती. मी उद्या उजेडी येते, रस्त्यावर बर्फ वितळायचं मीठ टाकून झाल्यावर. रागावलीस?"

साकुमा-सानांनी फोन घेतला आणि म्हणाल्या, "तुझी आजी रडतेय, म्हणजे ठीक आहे. तू जेव."

मग मी कुगा-सानना फोन लावला आणि विचारलं की लिहिलेलं खोडायचं तर कसं. त्या म्हणाल्या, कुठे खोडलं ते लिहा, काय बदललं ते लिहा, तिथे नाव घाला, आणि खोडल्याजागी आपला नावाचा शिक्का मारा. तसं करते.

दुरुस्ती. कलम पाचवं, शेवटचा परिच्छेद. "म्हणून योशिताकाशी बोलून" इथपासून "भंगारात द्यावी" इथपर्यंतचा मजकूर मी खोडला आहे. त्याऐवजी असं वाचावं: पांढरी गाडी आहे तशी, चकत्यांच्या पेटीसकट, सुझुनो हिला द्यावी. तिच्यावर अट नाही. तेल वेळेवर बदलावं, ही अट नाही, सवय आहे. अराफुने तोमिए.

हे योशिताकाला मी स्वतः सांगेन, सोमवारच्या आधी, समोर बसवून. मी गेल्यावर कागदातून कळावं अशी ही गोष्ट नाही. तो घाबरेल. मीही घाबरलेलीच आहे, उद्या सकाळी ती दारात येईपर्यंत घाबरलेली असेन, आणि त्यापुढच्या हिवाळ्यातही. तरी गाडी तिची.

कलम सहावं मात्र तसंच ठेवलं आहे. निइकुरा-सानांनी विचारलं होतं.

साक्षीदार: निइकुरा मासाओमी. (फांदी वाळलेली होती.) शिक्का.
साक्षीदार: साकुमा सादायो. (नव्हती.) शिक्का.

स्थळ: कुवानोसावा, राहत्या घरी.
दिनांक: रेइवा पाचवं वर्ष (इ. स. २०२३), जानेवारी महिना, एकोणीस तारीख.

अराफुने तोमिए. शिक्का.

दुरुस्तीजवळचा शिक्का वाकडा पडला आहे. शिक्का माझाच आहे, आणि मी तो जाणूनबुजून मारला आहे.