बापूंनी न लिहिलेलं गाणं

अतुल,

काल चिकलठाण्यात आपल्या गल्लीतून उमेदवाराची प्रचाराची रिक्षा गेली. तिच्यावर बापू गात होते. आवाज हुबेहूब, अन् शेवटच्या कडव्यात नेहमीसारखं त्यांच्या नावाचं 'कडुबा म्हणे'. बापूंना जाऊन चार वर्षं झाली. त्यांच्या भीमगीतांच्या कॅसेटी तू जपून ठेवतो म्हणून नेल्यास आणि एआयला खाऊ घातल्यास. जन्मभर त्या माणसानं एकाही पुढाऱ्यावर ओळ लिहिली नाय.

पण माझं दुखणं वेगळंच हाय. बापू प्रत्येक गाणं आधी आईला म्हणून दाखवायचे. तिनं मान हलवली, की मगच शेवटी आपलं नाव घालायचे. काल आई दारात उभी राहून सगळं ऐकत होती. मला म्हणाली, "हे त्यांनी मला न ऐकवता कधी लिहिलं गं?" मी मशीनचं लई समजावलं. ती म्हणते, "नाव तर त्यांचंच हाय."

रोज सकाळी ती बापूंच्या फोटोशी बोलायची. आज तिनं फोटो पुसला अन् काही न बोलता आत गेली.

हे पत्र तुला धाडणार नाय. तू याचंही गाणं करशील, अन् शेवटी माझं नाव घालशील.

निशाताई