राखेवरची फुंकर

१४ फेब्रुवारी, अड्याळ
खट्… सर्र… खट्. जाग आली ती बाबांच्या मागाच्या आवाजानं. माग विकून चाळीस वर्षं झाली, कानात अजून चालू आहे. तुटलेला धागा सांधताना बाबा बोटं चुलीच्या राखेत बुडवत, म्हणजे धागा निसटत नाही. ती सवय मलाही लागली. तीच नडली.

१६ फेब्रु.
शाळेचे मु.अ. आले होते. विज्ञान दिनाला माझा सत्कार करायचा म्हणतात. "विणकराचा पोरगा आकाशगंगा आयकून आला, गुरुजी, हे पोराईले समजलं पायजे!" गुरुजी कसला, रेडिओ दुर्बिणीचे रिसीव्हर जोडणारा कारागीर होतो मी. हो म्हणून बसलो. सौ. खूश.

१९ फेब्रु.
भाषण लिहायला घेतलं. दूरच्या दीर्घिकांतून मिलिमीटरभर लांबीच्या रेडिओलहरी येतात. थंड वायूच्या. तोच वायू आकसत जाऊन तारे जन्मतात. लहरी इतक्या क्षीण की रिसीव्हर भयंकर गार केला नाही तर त्याच्याच खरखरीत बुडून जातात.
सातवीत चांदण्यांच्या कविता चालीवर म्हणायचो. डोळे भरून यायचे. त्यांत तारे म्हणजे दिवे, नाहीतर फुलं. असल्या काळोखात, गारठ्यात जन्मतात हे एकाही कवीनं…
खोडलं. सुंदर लिहून काय झाकतो आहेस, म्हाताऱ्या?

२१ फेब्रु.
लिहूनच टाकतो. विद्या आमच्या संस्थेत पीएच.डी. करायची, मला काका म्हणे. रिसीव्हरच्या पोटात केसाहून बारीक तार असते, तिचं टोक डायोडवर अलगद टेकवायचं. चिमट्यातून सारखी निसटत होती. हातमोजे काढले, खिशातल्या डबीतल्या राखेत बोटं बुडवली. तार बसली.
तो रिसीव्हर परदेशातल्या मोठ्या दुर्बिणीवर चढला. एका दूरच्या दीर्घिकेच्या आलेखात विद्याला बुटका, रुंद उंचवटा दिसला. ताऱ्यांचा वायू! "काका, तुमच्या बोटांनी सापडला." पेढे वाटले पोरीनं. मग दुसऱ्या दुर्बिणीनं पाहिलं. तिथं काहीच नाही. संस्थेचे मोठे सर सगळ्यांदेखत म्हणाले, "तुला जे हवं होतं ते तू पाहिलंस." प्रबंध गेला. मागोमाग संस्था सोडून तीही.
रिसीव्हर परत आला तेव्हा मी एकट्यानं उघडला. सूक्ष्मदर्शकाखाली, तारेच्या टोकाशी, करडा कण. उंचवटा त्याचाच होता.
फुंकर मारली. उडाला. कोणाला बोललो नाही.

२३ फेब्रु.
सौ.ला सांगितलं. तिनं तांदूळ निवडणं थांबवलं नाही. "आता काहून सांगता? तिचं वय वापस येऊन राहिलं का?" मग एक खडा वेचून टाकत, "मले पेढा आणून देल्ला होता तुमी. तोच का?"
तोच.

२८ फेब्रु.
सत्कार. शाल, नारळ. सगळं सांगायचं ठरवून गेलो होतो. माईकपुढे उभा राहिलो आणि काय सांगितलं, तर राखेची युक्ती! बाबांची हुशारी, विणकराची बोटं, तीच बोटं रिसीव्हरवर कशी चालली वगैरे. फक्त पुढचं सोडून. टाळ्या पडल्या. पेपरवाल्यानं बोटांचा जवळून फोटो घेतला. मु.अ. म्हणाले, "काय बोलले, गुरुजी!" घरी येऊन जेवलो नाही.

२ मार्च
विद्याला पत्र लिहिलं. दोन पानं, काही न लपवता. पेटीत टाकलं. पत्ता तिच्या आईच्या घराचा, किती वर्षं जुना. तिथं आता कोणी नसणार. म्हणूनच टाकायचं धाडस झालं, दुसरं काय.

४ मार्च
दुपारी सौ. बाहेरून ओरडली, "अहो, कोनी म्याडम आल्या. काका कुठी आहेत म्हनते."
केस पांढरे झालेत. चालणं तेच, घाईचं. विद्या. साकोलीला शिकवते. इतकी वर्षं इतक्या जवळ, आणि मला…
"पेपरात बोटं पाहिली, काका. नाव वाचायच्या आधी ओळखली." हसली. पत्राचं तिला काहीच माहीत नाही. पण पेपरची घडी मांडीवर आहे, आणि राखेचं सगळं त्यात छापलंय. वाचलंच असणार. समजायला तिला कितीसा वेळ लागणार?
चष्मा आणतो म्हणून आत आलो, ते हे लिहीत बसलोय. सौ.नं चहा नेऊन दिला. विद्यानं घेतला नाही वाटतं.
"काका, या ना बाहेर. एक विचारायचं आहे."