बाबांनी पुढे सरकवलेलं ताट

बाबा, तुम्ही प्रभुभोजनाचं ताट काहीच न घेता पुढे सरकवलंत त्या रविवारी मी चर्चमध्ये तुमच्या शेजारीच बसलो होतो. नुकताच मास्तर झालो होतो आणि सुट्टीला गावी आलो होतो. दुष्काळाचं वर्ष होतं. आईनं आदल्या दिवशी मनुका भिजत घातल्या होत्या, कारण आपल्या चर्चमधला द्राक्षरस म्हणजे आईच्या पातेल्यात उकळून गाळलेलं मनुकांचं पाणी. त्या वर्षी तेवढ्या पाण्यासाठीसुद्धा ती टँकरच्या रांगेत उभी राहिली होती. भाकरीच्या तुकड्यांचं ताट रांगेतून हातोहात येतं, तुमच्यापाशी पोचतं, तुम्ही ते दोन्ही हातांनी धरता, क्षणभर बघता आणि माझ्याकडे देता. मला वाटलं तुमचं लक्ष नाही. मी कोपरानं ढोसलंही. तुम्ही समोर बघत राहिलात.

तुम्हाला आठवत असेलच, आपल्या मंडळीत रीतच होती की कुणाशी बिनसलं असेल तर आधी जाऊन ते मिटवायचं आणि मगच प्रभुभोजन घ्यायचं. मिटलं नसेल तर ताट पुढे द्यायचं. त्यामुळे तुमचं काय चाललंय असा प्रश्नच कुणाला पडला नाही. तुम्ही एसटीत कंडक्टर, गावात तुमची ओळखही तीच. सगळ्यांनी एकच धरलं, कंडक्टरचं कुणाशी तरी वाकडं आलंय. आता कुणाशी, एवढंच शोधायचं राहिलं. त्याच दिवशी दुपारी शेजारचे काका आले. त्यांच्या शेळीनं आपला वाल खाल्ला होता, ते तुम्हाला माहीतसुद्धा नव्हतं. "माजंच चुकलं, बांधून ठिवायला पायजे हुती," म्हणाले. तुम्ही म्हणालात, "तुमचं काय न्हाई वो." त्यांना ते खरं वाटलं नाही. जाताना भोपळा ठेवून गेले. मग पाळकसाहेब आले. उपदेशात त्यांनी मुद्दाम तुम्हाला टोमणा मारला असं तुम्हाला वाटलं असेल, असं त्यांना वाटलं होतं. आठवडाभर हे चाललं. मला तर हसू आवरत नव्हतं. आपल्या गावात इतक्या लोकांच्या मनात इतकं काय काय दडलेलं असेल हे मला ठाऊक नव्हतं.

पण पुढच्या महिन्याच्या प्रभुभोजनालाही तुम्ही ताट पुढे दिलंत, आणि त्या संध्याकाळी आई चुलीपाशी उभी राहिली. रेशनवर मिळणाऱ्या लाल ज्वारीचं, मिलोचं पीठ तिच्या हाताला लागलेलं होतं. म्हणाली, "अहो, तुमच्या बहिनीला मी टाकून बोलले, त्याचंच मनात धरलंय ना तुमी? मी जाते, तिचे पाय धरते. पन आसं करू नका. लोकं मला इचारत्यात." ती रडत होती. तुम्ही उठलात. तुमचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता, पुढेही कधी पाहिला नाही. "तुजं काय न्हाई गं," म्हणालात, "माजंच हाय," आणि बाहेर जाऊन बसलात.

दुसऱ्या दिवशी तुम्ही मला तुमच्या गाडीत घेतलंत. मिरजगावच्या स्टँडवर गाडी थांबते, ड्रायव्हर पाणी बघायला जातो, आपण दोघं चहा घेऊन लिंबाखाली उभे असतो. तुम्ही माझ्याकडे न बघता बोलायला लागता. "मुक्कामाच्या गावाला आमी झोपतो त्या खोलीत कुनीतरी पुस्तकं ठिवून जातं. पिवळ्या कव्हराची. तुला कळलं आसंल कसली. आधी नुसती चाळली. आता ती नसली तर मला झोप येत न्हाई. आन आता ती गाडीतपन संगं येत्यात. तिकीट फाडताना म्होरं कुनाची तरी आई आसती, कुनाची तरी लेक आसती. मला ती दिसतच न्हाई रं. पुस्तकातलीच बाई दिसती." मी चोवीस वर्षांचा होतो आणि मला वाटत होतं की जगातलं सगळं मला कळतं. त्याआधीच्या महिनाभरात मी मनातल्या मनात काय काय ठरवून बसलो होतो. तिकिटाच्या पैशात गफलत झाली असेल. मुक्कामाच्या गावी एखादी बाई असेल. त्यामुळे तुमचं ऐकून माझा जीव भांड्यात पडला आणि मी चक्क हसलो. म्हणालो, "एवढंच ना, बाबा? सगळेच वाचतात."

तुम्ही बशी खाली ठेवलीत. "सगळ्यांचं मला काय सांगतुस?" म्हणालात. "ताट माज्याम्होरं आलं हुतं." मग ड्रायव्हर आला, तुम्ही घंटी मारलीत आणि पुढच्या फाट्यापर्यंत उभ्यानंच तिकिटं फाडत राहिलात. मी मागच्या बाकावर बसून तुमच्यावर चिडलो होतो. कशावर, ते आजही नीट सांगता येत नाही. बापानं मुलाला असलं सांगू नये असं वाटलं होतं का? की मी धीर द्यायला गेलो आणि तुम्ही तो घेतला नाहीत, याचा राग होता?

पुढचं सगळं मी लांबून पाहिलं. तुम्ही मुक्कामाची गाडी सोडलीत, दुसऱ्या कंडक्टरशी पाळी बदलून घेतलीत आणि दिवसाच्या काष्टीच्या फेऱ्या मागून घेतल्यात. तुमचे मित्र म्हणाले, मुक्कामाचा भत्ता सोडून कुणी दिवसाचा धुरळा खातं का? रोज दिवेलागणीला तुम्ही घरी यायचात आणि आईसमोर सूप घेऊन मिलो निवडत बसायचात. पुरुष माणूस निवडायला बसलेला बघून आत्या हसायची. तुम्ही आईला काय सांगितलंत, किती सांगितलंत, हे मला कधीच कळलं नाही. मी एकदा आडून विचारलं तर ती म्हणाली, "तुज्या बाबाला एकटं बसू द्यायचं न्हाई, एवढं मला कळतं." एका महिन्यात तुम्ही भाकरीचा तुकडा घेतलात. मला वाटलं, झालं, सुटले. त्यानंतरच्या महिन्यात पुन्हा ताट पुढे. मागच्या रांगेतून कुणीतरी पुटपुटलं, "परत रुसला वाटतं कंडक्टर." रुसका म्हणून तुमचं नावच पडलं. मग कधीतरी तुम्ही घ्यायला लागलात आणि शेवटपर्यंत घेत राहिलात.

बाबा, मला यातलं काय घ्यायचं तेच कळत नाही. तुम्ही देवाशी खोटं बोलला नाहीत, पण लोकांना मात्र खुशाल माफी मागू दिलीत. भोपळासुद्धा आपण खाल्ला. याला शुद्ध मन म्हणायचं का? आणि तुम्ही खरंच सुटलात, की रोज संध्याकाळी सूप हातात घेऊन स्वतःला धरून ठेवत होतात? कधी वाटतं दोन्ही एकच असेल. कधी वाटतं मी उगाच तुम्हाला साधू करून ठेवतोय.

हे आज काढायचं कारण म्हणजे तुमचा नातू. तो चौतिशीचा आहे, बायकोसह आमच्याजवळच राहतो. मागच्या महिन्यात माझ्यासमोर येऊन बसला, मोबाईल टेबलावर पालथा ठेवला आणि म्हणाला, "पप्पा, यातल्या घाणीतून माझं सुटत नाही. ती शेजारी असते आणि मी तिच्याजवळ नसतो." मला मिरजगावचं लिंबाचं झाड दिसलं. तुमची बशी दिसली. इतकी वर्षं तो प्रसंग मनात घोळवलेला माणूस मी, आणि माझ्या तोंडून काय निघावं? "एवढंच ना?" तो "हो" म्हणाला, मोबाईल उचलला आणि आत गेला. तेव्हापासून माझ्याशी गॅस सिलिंडर आणि वीजबिल याशिवाय काही बोलत नाही. नीट बोलतो, आदरानं बोलतो, आणि तेच मला सोसत नाही.

काल प्रभुभोजन होतं. आता मनुका नसतात, बाटलीतला रस छोट्या पेल्यांतून येतो. ताट त्याच्यापाशी आलं, त्यानं माझ्याकडे दिलं. मीही घेतलं नाही, पुढे दिलं. त्याला सोबत म्हणून नव्हे. आपल्या रीतीप्रमाणे माझं कुणाशी तरी मिटायचं राहिलं होतं, आणि तो माझ्या शेजारीच बसला होता.

आज संध्याकाळी चर्चमधले शेजारी आले. आमच्या फाटकासमोर गाडी लावतात, त्याबद्दल माफी मागायला लागले. तुमच्यासारखं "तुमचं काही नाही हो" म्हणायला हवं होतं. मी त्यांना चहा दिला आणि माफ केलं. मुलगा भिंतीपलीकडच्या खोलीत आहे, त्याच्या खुर्चीचा आवाज मला इथे ऐकू येतो. तुम्हाला एवढं लिहीत बसलोय ते तुमच्या आठवणीनं असं मघाशी मला वाटत होतं. खरं म्हणजे त्याच्या दारापर्यंत जायची मला भीती वाटते.