फर्लोवर आलेला माणूस

६ जुलै २०२०, सोमवार. सकाळी ९.

फर्लोचा छत्तिसावा दिवस. पगार अर्धा, काम शून्य. गावातल्या लोकांना वाटतं मज्जा आहे. मज्जा कायची बाप्पा! बावीस वर्षं नागपूरच्या पाइप कंपनीचं स्टोअर सांभाळलेल्या माणसाला घरी बसवलं तरी जबाबदारी डोक्यातून जात नाही. खुर्ची सोडून आलोय. चाव्या पाकिटात घातल्या, पाकीट चिकटवून वर आडवी सही केली आणि प्रफुल्लकडे दिलं. प्रफुल्ल माझा असिस्टंट. आठवड्यातून दोन दिवस त्याला कामावर बोलावतात, मला नाही. काहून? पोरगा गोड बोलतो. गोड बोलणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही. कडू बोलणाऱ्यावरही नाही, पण त्याचं निदान कळतं तरी.

संकल्प : पहाटे पाचला उठणे. इंग्लिश स्पीकिंग. रुखमिणीला शेतात मदत.

उद्यापासून. आज उठायलाच साडेआठ झाले.

७ जुलै, मंगळवार.

रुखमिणी म्हणाली, शुक्रवारपासून रोवणा, म्हणजे धानाची लावणी. धानाचे पऱ्हे तयार, बांधीत चिखल तयार, बाया सांगून ठेवल्या, फक्त एक माणूस कमी पडून राहिला. "एक माणूस" म्हणताना तिनं माझ्याकडे पाहिलं. मी कंबर धरली. कंबर खरंच दुखते. वाकायचं नाव काढलं की दुखते.

दुपारी ३. प्रफुल्लचा नवीन डीपी! मागे लोखंडी रॅक. झूम केलं. अजून झूम केलं. रॅक नंबर चार. माझा रॅक! मग हा बसला कुठं असेल? माझ्या खुर्चीत, दुसरं काय! मेघा म्हणाली, बाबा, फोटो जुना असेल. अकरावीतल्या पोरीला दुनिया काय माहीत.

सरप्राइज व्हिजिट करणार. उद्याच.

८ जुलै, बुधवार. सायंकाळी.

गावातल्या अतुलच्या भाजीच्या पिकअपमध्ये नागपूरला गेलो. मागे, भेंडीच्या पोत्यांत, ताडपत्रीखाली. पास गाडीला आहे, मला नाही. घरी सांगितलं, सानगडीला कंबरेचं औषध आणायला जातो.

कंपनीच्या गेटवर नवा गार्ड. लिस्टमध्ये नाव नाही म्हणे. माझं! गेटच्या जाळीतून पाहिलं तर स्टोअरच्या खिडकीत लाइट सुरू. आत कोण ते दिसलं नाही, पण दिसायची गरजच नव्हती. पुरावा मिळाला.

परत येताना गावाच्या नाक्यावर बांबू आडवा. ताडपत्रीखाली मला शिंक आली. अतुलनं मुद्दाम मिरचीची पोती माझ्या बाजूला ठेवली होती, असा संशय आहे.

९ जुलै, गुरुवार.

शाळेत क्वारंटाइन. चौदा दिवस, म्हणजे २२ तारखेपर्यंत. मी एकटाच. खोली इयत्ता चौथीची, बाक माझ्या गुडघ्याला लागतो.

पोलीस पाटील सुखराम रजिस्टर घेऊन दारात आला. कुठून आला? नागपूर. तिथं काय करतो? म्हटलं सध्या फर्लोवर आहे. तो लिहिता लिहिता थांबला. हळूच म्हणाला, "फर्लो? मंग किती वर्स झाले?" म्हटलं बावीस. त्याला धक्काच बसला. नंबर विचारला. टोकन नंबर ४१७. परत कधी हजर व्हायचं? बोलावतील तेव्हा. मग त्यानं आपली खुर्ची दोन हात मागं घेतली आणि मला "तुम्ही" म्हणायला लागला. बालपणी माझ्यासोबत तलावात डुंबलेला माणूस! सीनिऑरिटीला अजूनही मान आहे.

१० जुलै, शुक्रवार.

सूर्यनमस्कार बारा घालायचे ठरले. दोन झाले. दोन म्हणजे दीड.

रुखमिणीनं रोवणा सोडून खिडकीतून डबा दिला. "बरे रोवण्याच्या टायमालेच कोरंटीन झाले. सानगडी कवापासून नागपुरात गेली?" असं म्हणून पाठ फिरवून गेली. ही बाई माझ्यावर संशय घेते! संसारात विश्वास पाहिजे.

११ जुलै, शनिवार.

घात! एचआरच्या रिता मॅडमचा मेल. फर्लो संपला, १५ तारखेला हजर व्हा. रजा मंजूर नसताना जो येणार नाही त्याची जागा असिस्टंटला. असिस्टंटला!! म्हणजे सगळं ठरवून चाललंय. तारीख बरोबर मी इथं असतानाचीच कशी निघाली?

मॅडमला फोन लावला. म्हणाल्या, फर्लोवरच्या माणसाला बोलावलं की लगेच येता आलं पाहिजे. तुम्ही स्वतःच्या मर्जीनं प्रवास केला, म्हणून हे चौदा दिवस फर्लोत धरता येत नाहीत. वार्षिक रजेत टाका. तुमची शिल्लक चौदा आहे. गावचं प्रमाणपत्र पाठवा, बाकी मी बघते. चौदा दिवस, चौदा रजा! याला म्हणतात प्लॅनिंग. रुखमिणीला दिवाळीला पंधरा दिवस येतो म्हणून कबूल केलं होतं. गेल्या दिवाळीलाही जमलं नव्हतं. ते नंतर पाहू.

१३ जुलै, सोमवार.

प्रमाणपत्र झालं. सुखरामला खिडकीतून मीच सांगितलं. साठवलेल्या रजेला शुद्ध मराठीत काय म्हणावं, विचार केला आणि म्हटलं, लिही : संचित रजा. सुखरामचे डोळे चमकले. "तोच शब्द. आमच्या सरकारी कागदातही तोच असते, फर्लो म्हंजे संचित रजा." बघा, खेड्यातही नॉलेज आहे. मी वाचायला मागितलं तर म्हणाला, गोपनीय आहे. शिक्का मारून फोटो थेट मॅडमच्या व्हॉट्सॲपवर पाठवला. मूळ कागद त्यानं स्वतःकडे ठेवला.

अख्ख्या गावात भरवशाचा माणूस एकच.

१५ जुलै, बुधवार.

काहीतरी शिजतंय. शाळेवरून जाणारे लोक वाकून आत पाहतात. मी हात केला की पळतात. कोरोनाची भीती म्हणावी तर मास्क हनुवटीवर. मागच्या खिडकीला बाहेरून तार बांधली कोणीतरी.

आरोग्य केंद्राची आशाताई, कौशल्याबाई, ताप मोजायला आली. बाई भली, पण प्रश्न फार विचारते. हळू आवाजात म्हणाली, "भाऊ, आतमंदी जेवन कसं रायते?" म्हटलं, डाळ पातळ, पोळ्या मोजून चार, रविवारी काहीतरी गोड. आणि काम? म्हटलं, आठ तास, मध्ये घंटा होते. तिच्या डोळ्यांत पाणी. कामगारांच्या हालाची लोकांना कल्पनाच नसते.

१७ जुलै, शुक्रवार.

रुखमिणी चिखलाच्या पायांनी आली. डबा खिडकीत ठेवला पण गेली नाही. म्हणाली, रोवण्यात बाया विचारून राहिल्या. काय विचारतात ते सांगेना. मग एकदम म्हणाली, "मेघाची शपथ घ्या. तुम्ही तिथून काही आनलं काय हो?"

तिथून म्हणजे कंपनीतून. मी शपथेवर खोटं बोलत नाही. म्हटलं, आणलं. दरवर्षी एखादी डायरी, दोन पेन. ही रोजनिशी पण स्टोअरचीच. सगळेच आणतात.

ती मटकन खाली बसली. "दोन पेनासाठी?" एवढंच म्हणाली. पदर डोळ्यांना लावला. इतकी हळवी असेल हे लग्नाला एकोणीस वर्षं होऊनही माहीत नव्हतं. मलाही कसंतरी झालं. पेन परत करायचे ठरवले. एक तरी.

१९ जुलै, रविवार.

रिता मॅडमचा मेल. विषय : अर्जंट. खाली अटॅचमेंट. उघडली नाही. अटॅचमेंटमधून व्हायरस येतो आणि मॅडमच्या नावानं कोणीही पाठवू शकतो. कोणीही म्हणजे कोण, हे मी लिहीत नाही.

प्रफुल्लचे सात मिस्ड कॉल. चोराच्या मनात चांदणं. उचलला नाही. मेसेज आला, "काका, प्लीज कॉल करा, सिरियस आहे." ब्लॉक केला.

२२ जुलै, बुधवार.

शेवटचा दिवस. ताप नाही, सर्दी नाही. सूर्यनमस्कार एकूण पाच.

सुखराम म्हणाला, उद्या अतुलच्या गाडीनं मी सोताच तुमाले पोचवतो, वेळेवर हजर करनं माही जबाबदारी हाय. पुढच्या सीटवर! येताना पोत्यांत आलो, जाताना पोलीस पाटील सोबत. प्रफुल्लनं हे पाहिलं पाहिजे.

रुखमिणीनं घोंगडी दिली, चटणीचा डबा दिला. म्हणाली, "तिथं वागनूक चांगली ठेवजा. चांगली ठेवली तं लवकर सोडतात म्हनते सुखरामभाऊ. मी वाट पाहीन." म्हटलं, दिवाळीला नक्की सोडतील. ती रडली. मीही थोडा.

२३ जुलै, गुरुवार. रात्री.

लिहवत नाही. तरी लिहितो.

गाडी कंपनीकडे वळली नाही. उंच दगडी भिंत, लोखंडी फाटक, बाहेर बंदूकवाला शिपाई. म्हटलं, सुखराम, ही कंपनी नाही. तो म्हणाला, "भाऊ, आता कायले नाटक?" आणि माझं मनगट धरलं. तुरुंग होता तो.

आतल्या साहेबानं रजिस्टर पाहिलं. ४१७ नंबरचा माणूस आतच होता, त्या वेळी भाजी चिरत होता. माझं नाव लिस्टमध्ये नाही. पंधरा दिवसांत दुसऱ्यांदा! साहेबानं सुखरामच्या हातचं प्रमाणपत्र वाचलं आणि इतका हसला की मास्क सुटला. मग मलाही वाचायला मिळालं. "सदर इसम बावीस वर्षांपासून आत असून, फर्लो अर्थात संचित रजेवर गावी आला आहे. वागणूक समाधानकारक." फर्लो कैद्याला मिळतो म्हणे. संचित रजा पण कैद्यालाच. मला कोणी सांगितलं नाही. आणि हाच कागद दहा दिवसांपासून रिता मॅडमच्या मोबाइलमध्ये आहे.

तिथून कंपनीत. सुखराम लाजेनं मनगट सोडायचं विसरला. गेटवर आम्हाला तसंच पाहिलं सगळ्यांनी.

प्रफुल्ल पळत आला. दहा दिवस तो मॅडमच्या मागं लागून सांगत होता, काका तसे नाहीत, एकदा फोन तर लागू द्या. मला स्टोअरच्या खिडकीशी नेलं. माझी खुर्ची प्लॅस्टिकनं झाकलेली. टेबलावर पाकीट, माझी सही जशीच्या तशी. तो स्टुलावर बसून काम करायचा, डुप्लिकेट चाव्या गार्डकडून दर वेळी मागून घ्यायचा. डीपीतला फोटो मार्चमधला. मीच काढला होता.

त्याच्याकडे पाहता येईना. खिशातला पेन काढून टेबलावर ठेवला.

रिता मॅडम लांबूनच बोलल्या. गैरसमज मिटला, चौदा रजा मंजूर. पण बाहेरून आलेल्याला परत चौदा दिवस वेगळं राहावं लागेल, कालच नियम निघाला. त्यातून तुम्ही आज तुरुंगातही जाऊन आलात. रजा? शिल्लक शून्य. फर्लो? संपला. म्हणजे बिनपगारी. आणि स्टोअर थांबू शकत नाही. ऑर्डर आजच निघाली, प्रफुल्लच्या नावानं.

त्यानं मला विचारलं, काका, खुर्चीवरचं प्लॅस्टिक काढू का? मी म्हटलं, काढ.

२४ जुलै, शुक्रवार.

नागपूरच्या खोलीत, एकटा. संकल्प नाही.

प्रफुल्लला अनब्लॉक केलं. नवा डीपी लावलाय. झूम केलं नाही.

सुखराम आणि अतुल काल परतले, गाडीचा पास असूनही तुरुंगात जाऊन आले म्हणून त्यांनाही नाक्यावर अडवलं. तेही शाळेत, चौथीच्याच खोलीत, चौदा दिवस. एवढी एक चांगली बातमी.

रुखमिणीला फोन करून सगळं समजावलं. फर्लो, संचित, वार्षिक, शून्य. अर्धा तास. तिनं ऐकून घेतलं. रोवणा आटोपला म्हणाली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "आता काई चिंता करू नोका. मी घरोघरी पेढे वाटले. सांगून टाकलं सगळ्याइले, निर्दोष सुटले म्हनून."